पालावरच्या कुटुंबांसाठी जातीचा दाखला: नागपुरात अर्ज कुठे करायचा आणि 1961 पूर्वीचा पुरावा कुठे शोधायचा

जातीच्या दाखल्याचा फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो. गोपाळ, नाथजोगी, मसनजोगी, वडार, कंजारभाट अशा विमुक्त-भटक्या कुटुंबांचं घोडं अडतं ते एका तारखेपाशी: 21 नोव्हेंबर 1961. त्या तारखेला किंवा त्याआधी आपला बाप, आजा किंवा पणजा महाराष्ट्रात राहत होता आणि तो याच जमातीचा होता, हे कागदावर दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 आहे. ज्यांचा आजा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरला, त्यांच्याकडे 1961 चा घरपट्टीचा कागद कुठून येणार? अर्जाची खरी मेहनत इथेच आहे.

त्याआधी आपली जमात नेमकी कोणत्या यादीत आहे ते पाहा. विदर्भात इथे फार घोळ होतो. कैकाडी समाज नागपूर जिल्ह्यात अनुसूचित जातीत येतो. पुणे, सोलापूर, नांदेडकडे तोच समाज विमुक्त जाती (अ) मध्ये आहे. कुटुंब मूळचं नांदेडचं आणि आज नागपुरात असेल तर दाखला विमुक्त जातीचाच मिळतो, कारण मूळ गाव पाहिलं जातं, आजचा पत्ता नाही. पारध्यांचंही तसंच आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत. पाल पारधी आणि राज पारधी (यातच गाव पारधी) विमुक्त जाती (अ) मध्ये. मास्तरांनी रजिस्टरात नुसतं 'पारधी' लिहिलं की 'फासे' लिहिलं, यावर यादी, तारीख आणि पुढची पडताळणी समितीसुद्धा (दाखला खरा आहे का ते तपासणारी) बदलते. म्हणून फॉर्मवर जमातीचं नाव कागदावर आहे तसंच, त्याच अक्षरांत लिहा.

दाखला देण्याचा अधिकार उपविभागीय अधिकाऱ्याला (एसडीओ) आहे. अर्ज जातो तो मानीव तारखेला (म्हणजे वर दिलेल्या आपल्या यादीच्या तारखेला) पूर्वज जिथे राहत होता त्या उपविभागात. आजा रामटेक तालुक्यातल्या गावात होता तर रामटेकला, उमरेडकडचा असेल तर उमरेडला. झोपडी आज नागपुरात आहे म्हणून सिव्हिल लाइन्सच्या सेतूत अर्ज टाकला आणि आजा भंडाऱ्याचा निघाला, तर अर्ज परत येतो. मध्य प्रदेशातून 1961 नंतर आलेल्यांना इथल्या विमुक्त-भटक्यांच्या सवलती लागू होत नाहीत. नागपूर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे जुने कागद हिंदीत सापडले तर दचकू नका, ते चालतात.

आता पुरावा. पहिला शोध शाळेत घ्या. आजा शिकला नसेल, पण त्याचा एखादा भाऊ किंवा चुलतभाऊ दोन इयत्ता गेला असेल. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत 'दाखल-खारीज' रजिस्टर असतं. त्यातली 'नाव, बापाचं नाव, जात गोपाळ, दाखल 1-7-57' एवढी एक ओळ दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जड भरते. मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्याचा उतारा घ्या आणि शक्य असेल तर त्या पानाची झेरॉक्सही. दुसरा शोध तहसीलच्या अभिलेख कक्षात: कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. ही नोंद गाव आणि सालानुसार असते, म्हणून नक्कलेच्या अर्जात 'आजोबांची नोंद द्या' असं मोघम लिहू नका. गाव आणि दोन-तीन सालं लिहा, नाहीतर 'नोंद आढळत नाही' हे ठरलेलं उत्तर येईल. बाळ कोणत्या गावच्या मुक्कामी झालं हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला हटकून आठवतं. कोणत्या जत्रेच्या, कोणत्या पुराच्या सुमारास, असं विचारलं की सालही जुळवता येतं. तिसरा शोध थोडा कडवट आहे. गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. तोवर काही जमातींच्या माणसांची नावं आणि हजेरी सरकारच लिहून ठेवत होतं. तशी जुनी नोंद हाती लागली, तर तीच आज जमातीचा पुरावा म्हणून जोडता येते.

मिळालेली नोंद अर्जदारापर्यंत वंशावळीने जोडायची असते. वंशावळ वडिलांकडचीच: मामा-मावशीचा कागद चालत नाही. सख्ख्या काकाकडे किंवा चुलतभावाकडे जात वैधता प्रमाणपत्र (पडताळणी समितीने दाखला खरा ठरवल्याचा कागद) असेल तर ते सगळ्यात आधी लावा. समितीने रीतसर चौकशी करून दिलेली रक्ताच्या नातेवाइकाची वैधता असताना तोच दावा सहसा नाकारू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2010 साली नागपूरच्या समितीच्या एका प्रकरणात सांगितलं आहे.

कागद काहीच निघाला नाही तर? अर्ज तरीही करा आणि तलाठी-मंडळ अधिकाऱ्यामार्फत स्थानिक चौकशीची मागणी लेखी जोडा. गावातल्या जुन्या माणसांचे जबाब, पंचनामा, पालाचे फोटो, जमातीतल्या नातलगांचे दाखले, असं सगळं त्यात येतं. सिद्ध करण्याचा भार 2000 च्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम 8 नुसार अर्जदारावर आहे, हे खरं. पण अर्ज नाकारायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात. 'कागद नाही, जा' हे खिडकीवरचं उत्तर म्हणजे आदेश नव्हे. पोच घ्या. लेखी नकार आला की अपिलाला 30 दिवस असतात.

आजच्या पत्त्याची अडचण वेगळी. पालावर राहणाऱ्याने मतदार नोंदणीचा नमुना 6 भरला, तर बेघरांसाठी पत्त्याचा कागद सक्तीचा नाही; बीएलओ (मतदान केंद्राचा अधिकारी) रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. आधी मतदार कार्ड काढलं की पुढचे कागद सोपे होतात.

अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. फोटो 5 ते 20 केबी, कागद प्रत्येकी 75 ते 500 केबी. जुनं पिवळं पान मोबाइलने सावलीत टिपलं की अक्षरं पुसट येतात आणि अर्ज 'त्रुटी'त पडतो, स्कॅनच करा. त्रुटीचा संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तिथे सेतूवाल्याचा किंवा दलालाचा नंबर टाकला असेल तर तो तुम्हाला कळतच नाही आणि अर्ज पडून राहतो. जातीच्या आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर करा. 500 रुपयांचा स्टॅम्प घ्यायला लावणारे दारात उभेच असतात.

लग्न झालेल्या बाईचा दाखला माहेरच्या नावाने आणि वडिलांच्या जातीवर निघतो. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडा. मुलाच्या शाळेत जात चुकली असेल तर तो शाळेत असेपर्यंतच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवा. टीसी हातात पडल्यावर ते काम फार जड जातं. आणि पैसे देऊन 'बनवलेला' दाखला घेऊ नका: त्याला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

दाखला मिळाला तरी तो पडताळणीच्या अधीनच असतो. विमुक्त-भटक्यांसाठी आणि अनुसूचित जातींसाठी जिल्हा समितीचं कार्यालय दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जमातींची समिती वेगळी. मुलगी अकरावी सायन्सला गेली की त्याच वर्षी कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज टाका. बारावीचा निकाल लागल्यावर धावणाऱ्यांची रांग जूनमध्ये जिन्यापर्यंत येते, आणि दक्षता पथकाला मूळ गावी चौकशीला जायचं असेल तर प्रवेशाची तारीख निघून जाते.