स्पेन गेला, दिनामीता राहिली

फिलिपिन्समध्ये खायला ‘दिनामीता’ मागवली तर समोर तळलेली मिरची येते. लांब हिरवी मिरची, पोटात चीज नाहीतर खिमा, वरून लुंपियाची (तिकडच्या स्प्रिंग रोलची) पातळ पारी. देठ तेवढा बाहेर ठेवलेला, वातीसारखा. नाव अर्थात स्फोटकाच्या कांडीवरून पडलं.

१८४७ साली इटलीत आस्कानियो सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन बनवलं. ते भलतंच लहरी होतं. नुसत्या धक्क्यानेही फुटायचं. १८६४ मध्ये स्टॉकहोमला झालेल्या स्फोटात आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल गेला. पुढे नोबेलने हे तेल कीझेलगूर या सच्छिद्र मातीत जिरवलं आणि १८६७ मध्ये पेटंट घेतलं. नाव दिलं ‘डायनामाइट’, ग्रीक ‘दुनामिस’वरून, म्हणजे शक्ती.

या शब्दाच्या शेवटी इटालियन आणि पोर्तुगीज भाषांनी ‘ए’ ठेवला, स्पॅनिश आणि कातालान भाषांनी ‘आ’ लावला, म्हणून ‘दिनामीता’. १८७२ मध्ये स्पेनमध्ये बिल्बाओजवळ दिनामीतेचा कारखानाच निघाला. आसपास लोखंडाच्या खाणी होत्या, गिऱ्हाईक दारातच.

फिलिपिन्सवर स्पेनचा अंमल १८९८ पर्यंत. म्हणजे तीनशेहून जास्त वर्षांच्या राजवटीतली जेमतेम शेवटची तीस वर्षं या शब्दाच्या वाट्याला आली. (बंदुकीच्या दारूसाठीचा तिथला शब्द ‘पुलबुरा’ हाही स्पॅनिशच.) नंतर १९४६ पर्यंत अमेरिकन होते, तरी तागालोग आणि सेबुआनो या तिथल्या भाषांत ‘दिनामीता’च टिकली. तागालोगमध्ये ती घरचीच वाटते, कारण तिथे धातूच्या पोटात ‘इन’ घालून भूतकाळ करतात: ‘दामित’ म्हणजे कपडे, ‘दिनामितान’ म्हणजे कपडे घातले. नवख्याची फसगत ठरलेली!

आता हा शब्द जास्त करून मासेमारीच्या संदर्भात कानावर पडतो. बाटलीत अमोनियम नायट्रेट आणि रॉकेल भरायचं, वात लावून समुद्रात फेकायची. माशांचे वाताशय (पोटातल्या हवेच्या पिशव्या) फुटतात, पुष्कळसे तळाला जातात, प्रवाळाचा चुरा होतो. १९९८ च्या मत्स्यकायद्याने बंदी आहे, तरी प्रकार थांबलेला नाही. त्या बाटलीत नोबेलचं काहीच नसतं, पण म्हणायचं दिनामीताच.

आपल्याकडे शब्द आला इंग्रजांच्या तोंडून, म्हणून ‘डायनामाइट’. विहीर खणणारा मात्र जिलेटिनच्या कांड्या म्हणतो (स्फोटक जिलेटिन हेही नोबेलचंच, १८७५ चं) आणि लावतो तो सुरुंग. हा ‘सुरुंग’ संस्कृत ‘सुरुंगा’वरून, म्हणजे भुयार, आणि ते अनेक अभ्यासकांच्या मते ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आलेलं.