कायरल वर्णलेखन

आरशातल्या प्रतिमेसारखे असलेले, पण एकमेकांवर तंतोतंत न बसणारे रेणू द्रव वर्णलेखनाने (क्रोमॅटोग्राफीने) वेगळे करण्याची पद्धत. अशा जोडीतल्या दोन्ही रेणूंचा उत्कलनबिंदू, घनता, विद्राव्यता सारखीच असते. त्यामुळे ऊर्ध्वपातन किंवा साधा सिलिकाचा कॉलम (बारीक कणांनी भरलेली नळी, जिच्यातून नमुना द्रावकासोबत वाहतो) इथे उपयोगी पडत नाही. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने निवडले होते, पण असे वेगवेगळे स्फटिक फार थोडी संयुगे देतात.

सपाट फळीला दोन्ही पायांच्या चपला सारख्याच. फरक पायालाच कळतो. म्हणून कॉलममधली स्थिर प्रावस्थाच, म्हणजे रेणू ज्याला चिकटतात तो भरावच, कायरल (डावे-उजवेपण असलेला) घेतात. योशियो ओकामोतो यांच्या संशोधनातून पुढे आलेली सेल्युलोज व अमायलोज या शर्करासाखळ्यांची कार्बामेटे (त्यांच्यापासून बनवलेली संयुगे) यासाठी सर्वाधिक वापरली जातात. सायक्लोडेक्स्ट्रिन (वलयाकार शर्करा), व्हँकोमायसिन (एक प्रतिजैविक) आणि प्रथिनेही चालतात. शर्करासाखळीच्या खाचेत जोडीतला एक रेणू जरा घट्ट बसतो, दुसरा लवकर सुटतो. हा फरक अगदी किरकोळ असतो. दोघांच्या धारणेचे (कॉलममध्ये अडकून राहण्याचे) गुणोत्तर १.१ असेल, तर २५ अंश सेल्सिअसला ऊर्जेतली तफावत मोलमागे जेमतेम ०.२४ किलोज्यूल भरते, म्हणजे एका हायड्रोजन बंधाचा लहानसा अंश. पण कॉलम ओलांडेपर्यंत रेणू असंख्य वेळा चिकटतो आणि सुटतो, त्यात ही तफावत साचत जाते. या तंत्राची सारी ताकद मला त्या साचण्यात दिसते.

कोणता कॉलम चालेल हे रचनेवरून खात्रीने सांगता येत नाही. चार-सहा कॉलमांवर चाचपणी करावीच लागते. सुरुवात बहुधा हेक्झेन आणि थोड्या आयसोप्रोपेनॉलने होते. नमुना अमाइन असेल तर शिखराला (शोधकाच्या आलेखातल्या उंचवट्याला) लांब शेपूट येते, द्रावकात ०.१ टक्का डायएथिलअमाइन घातले की ती आखडते. समसमान मिश्रणाची दोन्ही शिखरे अतिनील शोधकावर सारख्याच क्षेत्रफळाची यायला हवीत. तशी नसतील तर एखाद्या शिखराखाली अशुद्धी दडलेली असण्याची शंका आधी घ्यावी. साखळी सिलिकावर नुसती लेपलेली असेल, तर टेट्राहायड्रोफ्युरान किंवा डायक्लोरोमिथेन आत गेल्यास लेप विरघळून महागडा कॉलम कायमचा बाद होतो.

औषधनिर्मितीत हे तंत्र शुद्धता तपासण्यापुरते उरलेले नाही. मोठ्या कॉलमांवर एकच रूप किलोंनी वेगळे काढतात. थॅलिडोमाइडचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, मात्र त्याची दोन्ही रूपे शरीरात एकमेकांत बदलतात. नुसते वेगळे करून ते औषध गर्भासाठी सुरक्षित झाले नसते.