एक्स-रेतला डाग म्हणजे न्यूमोनियाच, असे नाही

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या एक्स-रेत पांढरा डाग दिसला की न्यूमोनिया झालाच, असे अनेक नातेवाईक धरून चालतात. पण फुफ्फुसात साचलेले पाणी किंवा कफाने श्वासनलिका तुंबून आकसलेला भागही तसाच दिसतो. श्वासासाठी घशात घातलेल्या नळीतल्या कफात जंतू सापडले तरी ते आजार न करता नुसते वस्तीला असू शकतात. म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१३ साली व्हेंटिलेटरवरच्या प्रौढांमधली गुंतागुंत नोंदवण्याच्या व्याख्येतून एक्स-रे वगळला. स्थिरावलेल्या रुग्णाची ऑक्सिजनची किंवा व्हेंटिलेटरने फुफ्फुसात ठेवलेल्या हवेच्या दाबाची गरज पुन्हा वाढून दोन दिवस टिकली का, हे त्यात पाहतात. ही व्याख्या फक्त नोंदीसाठी, उपचार ठरवायला नव्हे. खाटेपाशी ताप, पांढऱ्या पेशी, कफ, ऑक्सिजन आणि एक्स-रे हे सगळे एकत्रच तपासावे लागते. नुसता डाग पाहून डॉक्टरांकडे अँटिबायोटिकचा हट्ट कृपया धरू नका.