आंबोलीचे रान आणि पिंगुळीचे ठाकर : एका दिवसाच्या सहलीची माहिती

सावंतवाडीहून सकाळी सहा वाजता निघून संध्याकाळी सातपर्यंत परतणारी ही सहल आम्ही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालवतो. एका वेळी दहाच पाहुणे घेतो. ही संख्या आम्ही का वाढवत नाही, ते पुढील मजकुरावरून ध्यानात यावे.

घाट चढून सुमारे ६९० मीटर उंचीवर आले, की आंबोलीचे सदाहरित व निमसदाहरित जंगल लागते. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून येथे वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पाडतात, आणि त्या ओलाव्यावर अंजनी-जांभळाच्या खोडांना शेवाळ, नेचे व आमरी (ऑर्किड) लगडतात. धबधबा बहुतेकांनी पाहिलेला असल्याने तेथे आपण थोडाच वेळ थांबू. सकाळ खरी जाते ती जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर. तेथील खळग्यांत साचलेल्या ओंजळभर पाण्यात आंबोली टोड हा लहानसा भेक (बेडकाचा एक प्रकार) अंडी घालतो. शास्त्राला त्याची स्वतंत्र जात म्हणून ओळख २००९ साली झाली आणि आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. त्याची वीण एका बुटाखाली चिरडली जाऊ शकते, म्हणून सड्यावर सर्वांनी वाटाड्याच्या मागे एका रांगेत चालावे. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतात. हाताला लावलेले डासांचे मलम त्यांना बाधते, तेव्हा कोणताही बेडूक उचलू नये.

हिरण्यकेशी नदीच्या उगमातील पाण्यात २०२० साली माशाची एक नवी जात नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये शासनाने ही जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केली. तेथे पाण्यात उतरू नये, माशांना काही खाऊ घालू नये.

जळवा लागतातच. त्यांवर मीठ टाकू नये. नखाने तोंडाशी हलकेच सरकवल्यास जळू सुटते. रक्त थोडा वेळ वाहते, त्याची भीती नसावी.

दुपारी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी असे जेवण करून आपण कुडाळजवळच्या पिंगुळीत गुढीपूरला जातो. येथील ठाकर आदिवासी कलावंत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. सावंतवाडी संस्थानाने या कलांना आश्रय दिला होता. चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. कलावंत एकामागून एक चित्र पुढे धरतो आणि वीणा, हुडूक (डमरूसारखे वाद्य) व टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतो. येथील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

पूर्वी आम्ही या भेटीला वीसच मिनिटे ठेवली होती आणि कलावंतांना आख्यान अर्ध्यावर थांबवावे लागे. ती आमची चूक होती. आता दोन तास राखून ठेवतो. अंगणाच्या पडवीत दहा माणसे बसली, तर शेवटच्यालाही चित्र दिसते आणि प्रश्न विचारता येतो. मानधन सहलीच्या शुल्कातूनच, थेट कलावंतांच्या हाती दिले जाते. घरांची व मुलांची छायाचित्रे विचारल्यावाचून घेऊ नयेत.

पायांत पकड असलेले बूट, अंगावर रेनकोट आणि सोबत कोरड्या कपड्यांचा एक जोड असावा. सड्यावरील चाल तीन किलोमीटरांची आणि निसरडी आहे. गुडघ्यांचा त्रास असल्यास नोंदणीच्या वेळी सांगावे, म्हणजे त्या वेळेत हिरण्यकेशीपाशी बसण्याची सोय करता येईल. घाटात दरड कोसळण्याचा इशारा असेल त्या दिवशी सहल रद्द होते आणि पूर्ण रक्कम परत मिळते.