भाल्याची शिकार खरंच निर्धोक असते?
‘भाला एकच मासा टिपतो, जाळ्यासारखी नासाडी नाही, म्हणून स्कूबा (पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर हवेची टाकी) लावून केलेली कायदेशीर शिकार निर्धोक,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धवट खरं आहे. भाला निवडतो, पण बहुधा सगळ्यांत मोठा मासा. अनेक जातींचे ग्रूपर मासे मादी म्हणून वाढतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. थोरले टिपत गेलं की नर घटत जातात. पाठीवर हवेची टाकी असली की दम संपून वर यावं लागत नाही, मग खोल कपारीचाही आसरा जातो. काही पोपटमासे रात्री स्वतःच्या चिकट, पारदर्शक कोशात झोपतात. अशा निजलेल्या जिवाला मारण्यात कसलं कौशल्य? फ्रान्स आणि इटलीत स्कूबासह भाला चालवायला बंदीच आहे. अटलांटिकमध्ये घुसलेल्या उपऱ्या लायनफिशची शिकार मात्र मला रास्त वाटते. तिथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही.