यहोशाफाट आणि अहाब : एका सोयरिकीची पार्श्वभूमी

यहूदाचा राजा यहोशाफाट हा रामोथ-गिलादच्या रणात इस्राएलच्या अहाबाच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्ट पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचकांच्या लक्षात राहते. त्याआधी निदान दहा वर्षे या दोन राजघराण्यांत एक लग्न झाले होते, त्याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. वास्तविक पुढे जे काही बिघडले त्याचे मूळ त्या लग्नात आहे.

शलमोनाच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ९३० च्या सुमारास, त्याचे राज्य दुभंगले. उत्तरेकडे इस्राएल आणि दक्षिणेकडे दावीदाच्या घराण्याकडे राहिलेले यहूदा, या दोन भाऊबंद राज्यांत दोन पिढ्या सीमेवरची भांडणे चालली. यहोशाफाटाचा बाप आसा गादीवर असताना इस्राएलचा राजा बाशा याने यरुशलेमपासून आठ-नऊ किलोमीटरवरचे रामा हे गाव तटबंदी करून अडवायला घेतले, म्हणजे राजधानीच्या उंबरठ्यावरच चौकी बसवली. आसाने मंदिरातले आणि राजवाड्यातले सोने-रुपे काढून दमास्कसच्या अरामी राज्याचा राजा बेन-हदाद याच्याकडे पाठवले आणि अरामी सैन्य बाशाच्या पाठीवर सोडले. युक्ती सफल झाली, पण हनानी नावाच्या द्रष्ट्याने परमेश्वराला सोडून अरामावर भरवसा ठेवल्याबद्दल राजाला तोंडावर दोष दिला, तेव्हा आसाने त्याला खोड्यात अडकवले. हे नाव ध्यानात ठेवावे, कारण याच हनानीचा मुलगा पुढे आसाच्या मुलासमोर उभा राहणार आहे.

दरम्यान उत्तरेत अम्रीचे घराणे आले. अम्रीने शोमरोनची टेकडी विकत घेऊन तेथे राजधानी वसवली, आणि त्याचा मुलगा अहाब याचे लग्न सीदोन्यांचा राजा एथबाल याच्या ईजबेल या मुलीशी झाले. फिनिशियाच्या बंदरांशी व्यापार जोडणारा हा संबंध होता. त्याच्याबरोबर बआल या परक्या देवाचे देऊळही शोमरोनात आले. पवित्र शास्त्रातल्या राजे या ग्रंथाला अहाब हा आपल्या आधीच्या सर्व राजांहून वाईट वाटतो. बआलाची उपासना आणि नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा बळकावण्यासाठी झालेला नाबोथाचा खून ही त्याची कारणे. तरीही अहाब दुबळा नव्हता. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसेर याने कुर्ख येथील शिलालेखात इ.स.पू. ८५३ मधल्या कर्करच्या लढाईचे वर्णन केले आहे, आणि त्यात विरोधी आघाडीच्या राजांमध्ये ‘इस्राएली अहाब’ याच्या नावावर २,००० रथ आणि १०,००० पायदळ लावले आहे. रथांचा हा आकडा फुगवलेला असू शकतो, पण शत्रूच्या दरबारी त्याचा वचक किती होता हे त्यावरून दिसते.

यहोशाफाट पस्तिसाव्या वर्षी गादीवर आला आणि त्याने पंचवीस वर्षे राज्य केले. तिसऱ्या वर्षी त्याने पाच सरदार, नऊ लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातले) आणि दोन याजक यांना नियमशास्त्राचा ग्रंथ बरोबर देऊन यहूदाच्या गावोगावी लोकांना शिकवायला धाडले. पलिष्टी नजराणे आणू लागले, आणि अरब टोळ्यांनी ७,७०० एडके व ७,७०० बोकड आणून दिले. अशा राजाला अहाबाची गरज का पडावी, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर बापाच्या काळातच आहे असे मला वाटते. अरामाला पैसे चारून इस्राएलवर सोडण्यापेक्षा इस्राएलशीच घर जोडावे, सीमेवरची रोजची कटकट मिटवावी आणि भाऊबंदांचे रक्त सांडणे थांबवावे, हा हिशेब कोणत्याही समंजस राज्यकर्त्याला पटण्यासारखा होता. यहोशाफाटाने इस्राएलच्या राजाशी सख्य केले, एवढेच राजे हा ग्रंथ नोंदवतो आणि पुढे जातो. तेथे टीकेचा शब्द नाही.

सख्याचा पुरावा म्हणून यहोशाफाटाचा थोरला मुलगा यहोराम याचे लग्न अहाबाच्या घरातल्या अथल्येशी लागले. त्यांचा मुलगा अहज्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ८४१ च्या सुमारास राजा झाला. त्यावरून मागे मोजत गेल्यास हे लग्न रामोथच्या लढाईच्या बऱ्याच आधीचे ठरते. म्हणून यहोशाफाट शोमरोनला गेला तो व्याह्याच्या घरी पाहुणा म्हणून. अहाबाने त्याच्यासाठी मेंढरे आणि बैल कापून मोठी मेजवानी केली आणि यार्देनेपलीकडचे रामोथ-गिलाद अरामाकडून परत घेण्याच्या मोहिमेत त्याला ओढले. जेवणावळीत घातलेली गळ मोडणे किती अवघड असते हे सोयऱ्याधायऱ्यांत वावरलेल्या माणसाला सांगायला नको. यहोशाफाट म्हणाला की जसा तू तसा मी, जसे तुझे लोक तसे माझे लोक. मग त्याने आधी परमेश्वराला विचारून पाहू असे सुचवले. होकार पहिला आणि विचारणा नंतर, हा क्रम मुद्दाम पाहण्याजोगा आहे.

पुढचा देखावा शोमरोनच्या वेशीजवळच्या खळ्यावर घडतो. दोन्ही राजे राजवस्त्रे घालून आपापल्या आसनांवर बसले आहेत, आणि चारशे संदेष्टे एका सुरात ‘चढाई करा’ म्हणत आहेत. सिद्कीया नावाच्या एकाने लोखंडाची शिंगे करून आणली आहेत आणि यांनी तू अरामाला हुंदडशील असे तो सांगतो. यहोशाफाटाला हे खटकते. आणखी कोणी नाही काय, असे तो विचारतो. इम्लाचा मुलगा मीखाया आहे, पण तो माझ्याविषयी कधी बरे बोलत नाही, म्हणून मला त्याचा तिटकारा आहे, असे अहाब कबूल करतो. बोलवायला गेलेला दूत मीखायाला वाटेतच समजावतो की सगळ्यांचे एकमत आहे, तूही तसेच बोल. मीखाया प्रथम चारशेंचीच री ओढतो, पण अशा स्वरात की अहाबालाही थट्टा कळते. आणि मग तो मेंढपाळाविना डोंगरांवर पांगलेल्या मेंढरांचे दर्शन सांगतो. सिद्कीया त्याच्या थोबाडीत मारतो, राजा त्याला कैदेत टाकून थोड्याशा भाकरीपाण्यावर ठेवायला सांगतो, आणि ज्याने त्याला बोलवायला लावले तो यहोशाफाट गप्प राहून लढाईला निघतो. मला या कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण हाच वाटतो.

रणात अहाबाने वेश बदलला आणि यहोशाफाटाला राजवस्त्रांतच राहायला सांगितले. अरामी राजाची आपल्या ३२ रथसरदारांना इस्राएलच्या राजालाच गाठण्याची आज्ञा असल्याने ते राजवस्त्रे पाहून यहोशाफाटावर धावून गेले; त्याने आरोळी मारली तेव्हा ते मागे फिरले. येथे पवित्र शास्त्रातल्याच इतिहास या दुसऱ्या ग्रंथाचा लेखक शब्दांशी खेळतो : अहाबाने यहोशाफाटाला ‘चिथावले’ असे सांगताना वापरलेले हिब्रू क्रियापदच तो देवाने अरामी सरदारांना त्याच्यापासून ‘वळवले’ असे सांगताना पुन्हा वापरतो. अहाबाला मात्र कोणा अनोळखी सैनिकाचा सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात लागला आणि सूर्यास्ताला तो रथातच मेला. काही अभ्यासकांना ही लढाई मुळात नंतरच्या एखाद्या राजाची असावी अशी शंका येते, कारण कर्करला अहाब आणि दमास्कसचा राजा एकाच बाजूला होते आणि राजे ग्रंथातल्या या प्रकरणात बहुतेक ठिकाणी नाव न घेता नुसते ‘इस्राएलचा राजा’ असेच म्हटले आहे.

यरुशलेमला परतणाऱ्या यहोशाफाटाला हनानीचा मुलगा येहू सामोरा गेला आणि दुष्टाला साहाय्य का करावे, असे त्याने विचारले. बापाने बापाला खोड्यात घातले होते. मुलाने मुलाचे ऐकून घेतले, आणि नगरोनगरी न्यायाधीश नेमण्याचे त्याचे काम याच्या नंतरचे आहे. पण सोयरीक तुटली नाही. अहाबाचा मुलगा अहज्या याच्याबरोबर त्याने एसयोन-गेबेर येथे जहाजे बांधली आणि ती फुटली. नंतर अहाबाचा दुसरा मुलगा योराम याने मवाबावर चालून जाण्यासाठी बोलावले, तेव्हाही तो ‘जसा तू तसा मी’ हेच जुने वाक्य बोलला.

यहोशाफाटाच्या मागे यहोरामाने आपल्या सहाही भावांना तलवारीने मारले, आणि तो अहाबाच्या घराण्याच्या वाटेने चालला त्याला अहाबाची मुलगी त्याची बायको होती हे कारण ग्रंथ स्पष्ट देतो. यहोरामाचा मुलगा अहज्या राजा झाल्यावर एका वर्षात मामाला, म्हणजे योरामाला, भेटायला गेला आणि अहाबाचे घराणे कापून काढणाऱ्या सेनापती येहूच्या (हनानीचा मुलगा येहू तो वेगळा) हाती सापडून मारला गेला. ते कळताच अथल्येने यहूदाच्या राजवंशातल्या उरलेल्यांची कत्तल आरंभली. तेव्हा यहोरामाची मुलगी यहोशेबा हिने अहज्याचे तान्हे मूल योआश दाईसह अंथरुणांच्या खोलीत लपवले, आणि सहा वर्षे दावीदाच्या वंशाचा तो एवढाच दिवा मंदिराच्या आवारात झाकून ठेवलेला होता.