वकील (मराठेशाही)

मराठेशाहीत दुसऱ्याच्या दरबारी राहून आपल्या धन्याचं बोलणं पुढे सरकवणारा, तिथल्या बातम्या लिहून पाठवणारा आणि वेळ आली की तहाची कलमं घासाघीस करून ठरवणारा माणूस म्हणजे वकील. आज वकील म्हटलं की काळा कोट आठवतो, पण जुना अर्थ ‘वकिलात’ या शब्दात टिकून आहे, दिल्लीत चाणक्यपुरीत ज्यांच्या पाट्या आहेत त्यांना मराठी पेपर अजून वकिलातीच म्हणतात. शब्द अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आला, अर्थ साधाच, ज्याच्यावर काम सोपवलं तो. मराठ्यांची फॉरेन पॉलिसी कोण ठरवायचं या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात ‘सुमंत’ असं एका शब्दाचं उत्तर असतं, अष्टप्रधानांतलं एक पद, परीक्षेत एक मार्क. कागद वाचायला घेतले की हे उत्तर फार वेळ टिकत नाही.

घोळ नावापासूनच आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाआधी या पदाला डबीर म्हणायचे. दबीर हा फारसी शब्द, मूळ अर्थ पत्रं लिहिणारा. सुलतानी दरबारांत बाहेरच्या राजांशी होणारी लिखापढी त्याच्या हातून जायची म्हणून परराज्यांचं कामही हळूहळू त्यालाच चिकटलं असावं. राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामं काढून संस्कृत घातली तेव्हा डबीराचा सुमंत झाला. हा बदल ज्या राजव्यवहारकोशाशी जोडतात तो सहसा रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावावर सांगतात, काही जण प्रत्यक्ष रचना धुंडिराज व्यासांची धरतात. काम हणमंत्यांकडे होतं आणि श्लोक व्यासांनी बांधले असं मानलं तर दोन्ही मतं एका घरात नांदू शकतात. काळ साधारण १६७७ च्या आसपासचा समजला जातो.

मग सुमंत हेच नाव का? एक मत असं की अष्टप्रधानांची कल्पनाच शुक्रनीतीसारख्या ग्रंथातून घेतली. पण शुक्रनीतीतला सुमंत्र जमाखर्च बघतो, आणि साम-दाम-दंड-भेद यातलं कोणाशी काय वापरायचं हे तिथे मंत्र्याचं काम आहे. मराठ्यांचा मंत्री मात्र वाकनीस, म्हणजे राजाच्या खासगी बाजूचा माणूस. नावं जुळतात, कामं जुळत नाहीत. त्यात शुक्रनीती स्वतःच किती जुनी यावर भांडण आहे, काही अभ्यासक तिला थेट एकोणिसाव्या शतकात आणून ठेवतात, आणि ते खरं असेल तर कोणी कोणाचं उचललं हा प्रश्नच उलटा होतो. दुसरं मत रामायणाकडे बोट दाखवतं, दशरथाचा सुमंत्र, जो रामाला रथातून वनापर्यंत सोडायला गेला तो, म्हणजे नाव घरोघरी ओळखीचं होतं. या सगळ्यात एक गोष्ट मागे पडते. यादव-शिलाहारांच्या लेखांत सांधिविग्रहिक नावाचा अधिकारी भेटतो, तह आणि लढाई दोन्ही त्याच्या नावातच आहेत. जुन्या हिंदू राज्यांचीच परंपरा पुढे चालवायची असती तर हे नाव तयार पडलेलं होतं, ते घेतलं नाही. त्यामुळे नाव संस्कृत झालं तरी काम सुलतानी डबीराचंच चालू राहिलं हे मत जास्त पटतं. लोकांनी तर दोन्ही नावं सोडली नाहीत, डबीर आणि सुमंत अशी दोन्ही आडनावं आजही आहेत, फारसी पत्रं लिहिणारे पारसनीस आणि मोडी लिहिणारे चिटणीस त्यांच्या शेजारी.

सुमंताची कामं ‘कानुजाबता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कागदात सांगितली आहेत: परराज्यांचा विचार करावा, त्यांचे वकील येतील त्यांचा सत्कार करावा, राजपत्रांवर संमतीचं चिन्ह करावं, वगैरे. या कागदाकडे काही अभ्यासक जरा जपूनच बघतात. माणसांच्या बाबतीतही गोंधळ कमी नाही. डबीरी एका घरात चालत आलेली दिसते, सोनोपंत, त्यांचा मुलगा त्र्यंबक सोनदेव आणि नातू रामचंद्र त्र्यंबक. राज्याभिषेकाच्या वेळचा सुमंत म्हणजे हा नातू असं बहुतेक ठिकाणी येतं, काही याद्यांत मात्र जनार्दनपंत हणमंते यांचं नाव दिसतं. वर त्याच वेळचे अमात्य रामचंद्र नीळकंठ, म्हणजे दोन रामचंद्रपंत शेजारी शेजारी, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर चढवलेलं आंतरजालावर सर्रास सापडतं.

शिवकाळात डबीर नुसता कचेरीत बसत नव्हता, आणि बोलणी फक्त त्याच्याच हातून होत नव्हती. अफझलखानाशी बोलणी करायला १६५९ मध्ये पंताजी गोपीनाथ गेले, खानाकडून कृष्णाजी भास्कर आले. आग्र्याहून १६६६ मध्ये महाराज निसटले तेव्हा त्र्यंबक सोनदेव डबीर आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे हे दोघे मोगलांच्या हाती सापडले आणि त्यांचा बराच छळ झाला, म्हणजे वकिलाला हात लावू नये हा नियम सगळ्यांना माहीत होता आणि सोयीप्रमाणे मोडलाही जायचा. गोव्यात पोर्तुगीजांकडे पीतांबर शेणवी, मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी. समोरासमोर बसलेल्या दोन्ही पक्षांकडे कोकण-गोव्याचे शेणवीच असायचे, कारण पोर्तुगीज, मराठी आणि व्यापाराची भाषा तिन्ही येणारी माणसं त्याच घरांत होती.

१६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांतर्फे रायगडावर आला होता, तेव्हाची बोलणी इंग्रजी कागदांमुळे बरीच तपशिलात कळतात. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई १०,००० होन ठरली. फुटलेल्या जहाजाचा माल परत द्या या कलमावर मात्र गाडी अडली, कारण कोकणच्या रिवाजाप्रमाणे किनाऱ्याला लागलेला माल राजाचा. याच मुक्कामातला एक किस्सा प्रवासी फ्रायरने लिहून ठेवलाय, गडावरच्या म्हाताऱ्या खाटकाने या इंग्रजांना मुद्दाम बघायला यायची परवानगी मागितली, कारण त्याने अनेक वर्षांत विकलं नसेल इतकं मटण यांनी थोड्या दिवसांत संपवलं होतं. तहाच्या कलमांपेक्षा हा खाटीकच जास्त लोकांच्या लक्षात राहिलाय, आणि ते बरोबरच आहे.

शाहू छत्रपतींच्या काळात सुमंत साताऱ्यात वंशपरंपरेचा मानकरी उरला आणि खरं काम पेशव्याकडे सरकलं. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्ये दिल्लीहून मिळाल्या ती बोलणी बाळाजी विश्वनाथांची. गंमत म्हणजे तेव्हा दिल्लीचा कारभार हातात असलेल्या सय्यद बंधूंच्या बाजूने मध्यस्थी करणारा शंकराजी मल्हार हाही मराठीच, पूर्वी राजारामांच्या चाकरीत असलेला. तिथून पुढे दिल्लीत हिंगणे घराण्याने वकिली धरून ठेवली. मूळचे नाशिकचे उपाध्ये, महादेवभट हिंगणे आणि नंतर त्यांची मुलं बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव. बाप गेला की मुलगा त्याच दरबारात. आजच्यासारखं तीन वर्षांत पोस्टिंग बदललं असं नाही. त्यामुळे ओळखी पिढीजात व्हायच्या, आणि कर्जं, जागिरी, भांडणंही पिढीजात व्हायची.

धोरण प्रत्यक्षात बनायचं पत्रातून. वकिलाचं पत्र ‘विज्ञापना ऐसीजे’ म्हणून सुरू व्हायचं, मुख्य पत्रात क्षेमकुशल आणि वरवरचं, खरा मजकूर पुरवण्यांत, शक्यतो एका विषयाला एक पुरवणी, म्हणजे पुण्यात ती पुरवणी नेमकी ज्याला दाखवायची त्यालाच दाखवता यायची. सोबत दरबारचा अखबार, आज नबाब कुठे गेला, कोणाला पोशाख दिला, कोणाला भेट नाकारली. पत्र घेऊन जाणारे जासूद जोडीने निघायचे, एक आजारी पडला किंवा मारला गेला तर दुसरा पोचावा म्हणून असावं, आणि भाड्याने ठरवलेल्यांना अजुरा, म्हणजे मजुरी, मिळायची. सगळ्यात महत्त्वाचं कागदावर यायचंच नाही, तिथे ‘मुखवचनें कळेल’ एवढं एक वाक्य असतं, आणि अभ्यासकाने अशा वेळी डोकं आपटून घ्यायचं. पैशांचीही तीच तऱ्हा, दरबारखर्च हिशोबात दिसतो आणि त्याच्या आड ‘अंतस्थ’, म्हणजे समोरच्या कारभाऱ्याला गुपचूप पोचवलेली रक्कम. कराराच्या यादीत एकेक कलम आणि त्यावर मान्य-अमान्यचा शेरा, वरून बेलभंडाराची शपथ.

सरकारी वकिलापेक्षा सावकाराची बातमी कधी कधी आधी पोचायची. पानिपतची खबर नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ (आजचं विदिशा) एका सावकारी कासिदाच्या, म्हणजे निरोप्याच्या, पत्रातून कळली असं सांगतात. पत्रात सांकेतिक भाषेत माणसांचीच मोजदाद होती: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पत्र हाती पडलं ते साधारण दहाएक दिवसांनी.

या व्यवस्थेची दुखरी जागा म्हणजे वकील एकट्या पेशव्याचे नव्हते. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, प्रत्येकाचे वेगळे. जयपूरच्या गादीच्या भांडणात होळकर माधोसिंगाकडे आणि शिंदे ईश्वरीसिंगाकडे झुकलेले, मग राजपुतांनी मराठ्यांचं धोरण म्हणून नेमकं कोणाचं ऐकायचं? नागपूरकरांचा बेनीराम पंडित हा तर वेगळाच नमुना. कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या सोबत राहणारा वकील, १७८१ मध्ये काशीत तिथला राजा चेतसिंग याच्या उठावात हेस्टिंग्ज अडकला तेव्हा या पंडित बंधूंनी त्याला एक लाख रुपये उसने दिले आणि पुढे त्याच्याकडून जागीर मिळवली. पगार भोसल्यांचा आणि जीव कुणात? पण त्या काळच्या नजरेने बघितलं तर दोन्हीकडे पत असणं हेच वकिलाचं भांडवल होतं, त्यामुळे त्याला सरळ फितूर म्हणून मोकळं होणं घाईचं ठरेल.

या सगळ्या तारा एका हातात आणायचा सगळ्यात गंभीर प्रयत्न नाना फडणीसांचा. १७८० च्या सुमारास त्यांनी निजाम, म्हैसूरचा हैदर अली आणि भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र बांधलं, भोसले आणि निजाम लवकरच सैल पडले ही गोष्ट निराळी. इंग्रजांशी चाललेलं हे युद्ध संपवणारा सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झाला, कलमं सतरा. हेस्टिंग्जने जूनमध्येच मंजुरी दिली, नानांनी मात्र डिसेंबरपर्यंत लोंबकळत ठेवलं. हैदर जिवंत आहे तोवर इंग्रजांवर दाब आहे हा हिशोब. हैदर ७ डिसेंबरला वारला आणि त्याच महिन्यात नानांनी सही-शिक्का केला. बातमी किती दिवसांत येते यावर तह कधी पक्का होतो हे ठरायचं, ते इथे अगदी स्वच्छ दिसतं.

हैदराबादला निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे. त्यांची पत्रं वाचनीय आहेत, १७९३ चं नानांना लिहिलेलं पत्र तर अजून भाषणांत वापरतात. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने भर दरबारात त्यांना सुनावलं की चौथाईच्या थकबाकीचा खुलासा करायला नानांनी स्वतः इथे यावं, नाहीतर आपण आणवू. वकिलाचा अपमान तो धन्याचा अपमान. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम हरला तेव्हा तहात हा मुशीरच मराठ्यांच्या ताब्यात द्यावा लागला.

समुद्रापलीकडे वकील पाठवल्याची उदाहरणं मोजकी. राघोबादादांचे हणमंतराव १७८१ मध्ये लंडनला पोचले, बरोबर मणियार पारशी. तिथल्या पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्कने त्यांना आपल्या गावच्या घरी ठेवून घेतलं आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी झाडांचं काचघर मोकळं करून दिलं असं सांगतात. उलट बाजूने चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणून आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहिला. १७९० च्या टिपूविरुद्धच्या तहाचं दरबारचित्र प्रसिद्ध आहे, सवाई माधवराव, नाना, मॅलेट सगळे दिसतात, पण ज्याच्या रेखाटनांवरून ते बनलं तो जेम्स वेल्स भारतात १७९१ ला आला, त्यामुळे ते चित्र साक्ष म्हणून वापरताना बेताने.

रेसिडेंट आणि वकील वरवर सारखेच वाटतात, फरक इतकाच की रेसिडेंटच्या मागे पलटण येते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीला विचारल्याशिवाय इतर कोणाशी बोलणी करणार नाही असं लिहून दिलं. जून १८१७ च्या पुण्याच्या तहात उरलंसुरलं गेलं, दुसऱ्या दरबारात वकील ठेवायचे नाहीत आणि त्यांचे आपल्याकडे घ्यायचे नाहीत. म्हणजे ही पद्धत लढाईत संपण्याआधी कलमात संपली. खडकीची लढाई त्यानंतर पाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, आणि त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली.

तरी एक वकील उरला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि कंपनीच्या डायरेक्टरांकडे अर्ज-विनंत्या करत तेरा-चौदा वर्षं तिथे राहिले. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले, १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं. रंगो बापूजी लंडनमध्येच होते, अर्ज चालूच. १८५३ च्या सुमारास परत आले, आणि १८५७ च्या धामधुमीत नाहीसे झाले.